नकाशातलं न दिसणारं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

घर बांधायला काढलं की विटांच्या आधी घरात नकाशा येतो. जेवणाच्या टेबलावर किंवा सरळ जमिनीवर तो पसरला जातो, चार कोपऱ्यांवर पाण्याचा तांब्या, चष्म्याचं घर असं काहीबाही ठेवलं जातं आणि सगळं कुटुंब त्याच्याभोवती बसतं. आजी विचारते, देवघर कुठं आहे? मुलगा आपली खोली शोधतो. आणि कुणीतरी एक जण हमखास म्हणतो, "यात पाण्याची टाकी कुठं दिसत नाही ती!" त्यावर आर्किटेक्ट सांगतो, "टाकी आहे, पण या नकाशात दाखवलेली नाही. तिचा नकाशा वेगळा."

आज मला बोलायचं आहे ते या "आहे, पण दाखवलेली नाही" या वाक्याबद्दल. मी आयुष्यभर नकाशे काढले. आधी ड्रॉइंग बोर्डवर शाईच्या पेनानं, मग संगणकावर रेषा मारून, आणि शेवटची काही वर्षं, जिथं रेषा मारायची नसते, संगणकात अख्खी इमारतच उभी करायची असते, अशा पद्धतीनं. या तिन्ही काळांत साधनं बदलली, पण एक प्रश्न कायम राहिला. कागदावर काय दाखवायचं, किती बारकाईनं दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यात माणसांचे जीवही गेलेले आहेत.

भिंत एका रेषेची

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक काळ्या दगडाचा पुतळा आहे. तो आजच्या इराकमधल्या लगाश राज्याच्या गुडिया नावाच्या राजाचा. काळ इसवी सनापूर्वी २१००च्या आसपासचा. पुतळ्याला डोकं नाही, पण मांडीवर एक पाटी आहे आणि त्या पाटीवर एका मंदिराच्या आवाराचा नकाशा कोरलेला आहे. तटाची भिंत, तिचे पुढं आलेले भाग आणि दरवाजे, एवढंच त्यात दिसतं. छप्पर नाही, आतल्या मूर्ती नाहीत, पायऱ्या नाहीत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीसुद्धा नकाशा काढणाऱ्यानं ठरवलं होतं की, मला फक्त भिंतीची वाट दाखवायची आहे, बाकीचं नाही.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथल्या ग्रंथालयातलं. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात चामड्याचे पाच तुकडे शिवून केलेल्या पटावर एका आदर्श ख्रिस्ती मठाचा नकाशा लाल शाईनं काढलेला आहे. चर्च, शाळा, रुग्णांची जागा, बेकरी, कोंबड्यांची खुराडी, भाजीचे वाफे, अशा सुमारे चाळीस इमारती आणि जागा त्यात आहेत. गंमत अशी की, त्यात साधूंचे पलंग दाखवले आहेत, शौचालयातल्या बैठकाही दाखवल्या आहेत, पण भिंतीला जाडी नाही. भिंत म्हणजे एक लाल रेषा. आज आपल्याला हे उलटं वाटेल. पण तो नकाशा गवंड्यासाठी नव्हताच. मठातलं आयुष्य कसं लावायचं, कुणी कुठं झोपायचं, कुणी कुठं जेवायचं, हे सांगण्यासाठी तो होता. त्यासाठी पलंग महत्त्वाचा होता, भिंतीची जाडी नव्हती.

तिसरं उदाहरण रोमचं. जांबात्तिस्ता नोल्ली यानं १७४८ मध्ये रोम शहराचा बारा भागांतला मोठा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात खासगी घरं गडद भरून टाकलेली आहेत, आत काय आहे ते दिसत नाही. पण चर्च आणि पँथिऑनसारख्या इमारती आतून उघड्या दाखवल्या आहेत, अगदी खांबांसह, जणू त्या रस्त्यांचाच भाग आहेत. जिथं सामान्य माणसाला पाऊल टाकता येतं ते पांढरं, जिथं नाही ते काळं. नोल्लीनं रेषा मोजूनमापून काढल्या, पण काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं हा निर्णय मोजमापाचा नव्हता. तो शहराकडं बघण्याच्या दृष्टीचा होता.

या तिन्ही नकाशांत एक गोष्ट सारखी आहे. जे काढलं नाही, ते त्या नकाशात नाहीच. झाकलेलं असं काही नाही. चामड्याच्या त्या पटामागं कुठंतरी भिंतीची जाडी दडून बसलेली नाही. पुढच्या सगळ्या कथेसाठी हा फरक लक्षात ठेवायचा आहे.

पेनाचं टोक आणि अमोनियाचा वास

मी १९७९ मध्ये पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो. ट्रेसर म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. सीनियर ड्राफ्ट्समननं पेन्सिलनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईनं गिरवायचं. चूक झाली तर दाढीच्या ब्लेडनं ती रेष हलक्या हातानं खरवडायची. कागद फाटला तर दिवस गेला.

त्या काळात नकाशात किती बारकावे दाखवायचे हे पेनाचं टोक ठरवायचं. हिशेब साधा आहे. आपली नऊ इंची विटेची भिंत २३० मिलिमीटर धरा. एकास शंभर या प्रमाणात ती कागदावर २.३ मिलिमीटरची होते. तिच्यावरचा प्लॅस्टर १२ मिलिमीटरचा. तो कागदावर ०.१२ मिलिमीटर. आमच्या पेटीतला सगळ्यांत बारीक पेन होता ०.२ मिलिमीटरचा. म्हणजे प्लॅस्टर दाखवतो म्हटलं तरी दाखवता येत नव्हता. तो दाखवायचा तर एकास दहाचं वेगळं डिटेल काढावं लागायचं, वेगळ्या कागदावर. त्यामुळं कुठल्या प्रमाणाच्या नकाशात काय असतं हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. कागदच ते शिकवायचा.

नकाशांच्या प्रती काढण्याची कथा त्याआधीची. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांनी निळी प्रत उमटवण्याची रीत शोधली. तोच ब्लू प्रिंट. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा. पुढं अमोनियाच्या वाफेवर निघणाऱ्या प्रती आल्या, पांढुरक्या कागदावर गडद रेषांच्या. आमच्या ऑफिसात प्रती काढणाऱ्या शिपायाचे डोळे दिवसभर लाल असायचे. पण या प्रतींनी एक सोय केली. ट्रेसिंग पेपर पारदर्शक असल्यामुळं एकावर एक ठेवता यायचा. खालच्या कागदावर भिंती, वरच्यावर वीज, त्याच्यावर पाण्याचे पाइप. अमेरिकेत १९७०च्या दशकात या सोयीची शिस्तशीर पद्धत झाली. पॉलिएस्टरच्या फिल्मला वरच्या कडेला भोकं पाडायची, ती धातूच्या पट्टीवरच्या खुंट्यांत बसवायची, म्हणजे सगळे थर बरोबर एकमेकांवर बसतात. मग हवे तेवढे थर ठेवून प्रत काढायची. पाइपवाल्याला पाइपची प्रत, वायरमनला वायरिंगची. आज ज्याला आपण संगणकावर लेयर म्हणतो, त्याची ही जन्मकथा.

आपल्या देशात हेच काम रंगांनी केलं. महापालिकेत मंजुरीसाठी नकाशा दिलेल्यांना हे माहीत असेल. १९७० मध्ये आलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेनं रंगांची रीत घालून दिली. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेषांनी, सांडपाण्याची व्यवस्था तुटक लाल रेषेनं. मोकळ्या जागेला रंग नाही. एकाच कागदावर चार प्रकारची माहिती, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यानं हवी ती वेगळी काढायची. नकाशे रंगवायला आमच्या ऑफिसात शेवटच्या रात्री सगळे बसायचे, साहेबांसकट.

दाखवणं सोपं, लपवणं अवघड

आता संगणकाकडं वळू. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं आपल्या पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. पडद्यावर प्रकाशाचं पेन टेकवून रेषा काढायची, हे तिथं पहिल्यांदा नीट जमलं. त्याच वर्षी, त्याच संस्थेत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी आपल्या प्रबंधात एका वेगळ्याच अडचणीवर काम केलं.

अडचण अशी. माणूस खोका काढतो तेव्हा समोरच्या तीन बाजू काढतो आणि थांबतो. मागच्या बाजू त्याला दिसतच नाहीत, म्हणून तो काढत नाही. संगणकाला मात्र खोक्याच्या सगळ्या बाजू सारख्याच ठाऊक असतात. त्याला कुठलीही बाजू 'मागची' नसते. म्हणून तो सगळ्या बारा कडा काढून मोकळा होतो, आणि पडद्यावर तारांचा पिंजरा दिसतो. रॉबर्ट्स यांनी मागच्या रेषा ओळखून त्या वगळण्याची गणिती रीत दिली. हा प्रश्न इतका चिवट निघाला की, १९७४ मध्ये सदरलँड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी असे मागचे पृष्ठभाग लपवण्याच्या दहा वेगवेगळ्या पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे माणसाला दाखवायला कष्ट पडायचे, न दाखवणं फुकट होतं. संगणकाला दाखवणं सोपं, आणि लपवणं हेच काम होऊन बसलं.

१९७६ मध्ये जेम्स क्लार्क यांनी पुढचं पाऊल टाकलं. वस्तू लांब असेल, पडद्यावर लहान दिसणार असेल, तर तिचे सगळे बारकावे मोजत बसायचं कशाला? एकाच वस्तूची ढोबळ, मध्यम आणि बारीक अशी रूपं साठवून ठेवायची आणि अंतराप्रमाणं हवं ते रूप पुढं करायचं. आमच्या पेनाचं टोक जे काम नकळत करत होतं, ते इथं जाणीवपूर्वक करावं लागलं.

सामान्य ऑफिसांपर्यंत संगणक पोचला तो ऑटोकॅडमुळं. जॉन वॉकर आणि त्यांच्या मित्रांनी १९८२ मध्ये ऑटोडेस्क ही कंपनी काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑटोकॅड लोकांपुढं आणलं. आमच्या ऑफिसात ते १९९१ मध्ये आलं. एकच संगणक, खोलीला एसी, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. त्यात ट्रेसिंग पेपरच्या थरांसारखे लेयर होते. भिंतींचा लेयर, दारांचा लेयर, फर्निचरचा लेयर. एखादा लेयर बंद करता यायचा, किंवा गोठवता यायचा. फ्रीझ, असाच शब्द होता. गोठवला की त्यावरचं सगळं दिसेनासं व्हायचं, पण फाइलमध्ये ते असायचंच. रेषेची जाडी रंगावर ठरायची. पडद्यावर लाल रेष म्हणजे प्लॉटरचं अमुक पेन, हिरवी म्हणजे तमुक. आमची लाल बारीक आणि दुसऱ्या ऑफिसची लाल जाड असली, की त्यांच्याकडून छापून आलेल्या आमच्या नकाशात भिंती सुतासारख्या आणि फरशीच्या रेघा दोरखंडासारख्या दिसायच्या.

हा गोंधळ जगभर होता. म्हणून १९९० मध्ये अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेनं लेयरना नावं कशी द्यायची याचे नियम प्रसिद्ध केले, आणि १९९८ मध्ये आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. नावाला एवढं महत्त्व का, हे आपल्याकडं पुढं फार चांगलं कळलं. पुण्यात तयार झालेली ऑटोडीसीआर ही प्रणाली पुणे आणि मुंबईसह अनेक महापालिकांनी नकाशे तपासायला वापरली. ती नकाशा लेयरच्या नावानं वाचते. तुम्ही जिन्याच्या रेषा चुकून दुसऱ्या लेयरवर काढल्या, तर माणसाला जिना स्पष्ट दिसतो, यंत्राच्या लेखी त्या इमारतीला जिनाच नाही.

नकाशात भोक नव्हतं

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. साल १९९६. एका चार मजली इमारतीचं काम होतं. मालकांना दाखवायला स्वच्छ प्रिंट हवी होती. नकाशात पाइपसाठी स्लॅबमध्ये ठेवायच्या भोकांच्या खुणा होत्या, त्यांनी चित्र गिचमिड दिसत होतं. मी तो लेयर गोठवला, सुंदर प्रिंट काढली, मालक खूश झाले. लेयर परत उघडायचा राहिला. दोन दिवसांनी साइटला प्रती गेल्या त्या त्याच फाइलमधून. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला.

मी साइटवर पोचलो तेव्हा प्लंबरची माणसं छिन्नी-हातोडा घेऊन ताज्या स्लॅबला भोकं पाडत होती. दोन ठिकाणी सळया उघड्या पडल्या होत्या. मी मुकादमावर ओरडलो, "अहो, एवढे संडास-बाथरूम आहेत, भोकं ठेवायची कळलं नाही?" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नकाशात भोक नव्हतं, म्हणून आम्ही ठेवलं नाही. वरच्या मजल्याला तुम्ही काही वेगळं केलं असंल, असं वाटलं."

त्याचं बरोबर होतं. त्याच्या हातातल्या कागदावर 'भोक नाही' आणि 'भोक लपवलं आहे' या दोन गोष्टी हुबेहूब सारख्या दिसत होत्या. त्या स्लॅबची दुरुस्ती झाली, स्ट्रक्चरल इंजिनियरनं उभं राहून ती करून घेतली, कुणाला इजा झाली नाही. पण तो प्रसंग मी विसरलो नाही.

कागदाऐवजी इमारत

याच सुमारास जगात एक मोठा बदल होत होता. त्याचं बीज जुनं होतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की, इमारतीचे शंभर नकाशे वेगवेगळे काढण्यापेक्षा संगणकात इमारतीचंच वर्णन साठवावं आणि नकाशे त्यातून काढून घ्यावेत. एक खिडकी हलवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन सगळीकडं ती आपोआप हलेल. ही कल्पना वैयक्तिक संगणकावर उतरवली ती हंगेरीतल्या गाबोर बोयार यांनी. १९८२ मध्ये बुडापेस्टला सुरू झालेल्या त्यांच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीनं आधी पाक्श इथल्या अणुवीज केंद्राच्या पाइपांची त्रिमिती मांडणी छोट्या संगणकांवर करून दाखवली, आणि त्यातून पुढं आर्चीकॅड तयार झालं. अमेरिकेत लिओनिड रेझ आणि अर्विन युंगरिस यांनी १९९७ मध्ये एक छोटी कंपनी काढली. यंत्रांचे सुटे भाग संगणकावर घडवण्याच्या क्षेत्रातला अनुभव त्यांनी इमारतींकडं आणला. त्यांचं रेव्हिट २००० साली बाजारात आलं, आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कनं ते १३ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतलं.

या पद्धतीत तुम्ही रेषा मारत नाही. भिंत बांधता. तिला उंची असते, विटेचा थर असतो, प्लॅस्टर असतं. दार बसवलं की भिंतीत आपोआप तेवढं भगदाड पडतं. आणि नकाशा म्हणजे या इमारतीकडं बघण्याची एक खिडकी. खिडक्या हव्या तेवढ्या, इमारत एकच.

इथं जुना प्रश्न उलटा होऊन समोर आला. पूर्वी कोरा कागद होता आणि त्यावर काय काढायचं ते ठरवायचं. आता सगळंच आधीपासून आहे, आणि काय झाकायचं ते ठरवायचं. झाकलं नाही तर एकास शंभरच्या प्लॅनमध्ये प्लॅस्टरच्या रेषा, नळाच्या तोट्या, कपाटाच्या मुठी, सगळं एकमेकांवर चढून काळा डाग पडतो.

म्हणून या प्रोग्रॅममध्ये झाकण्या-दाखवण्याची साधनंच फार. रेव्हिटमध्ये प्रत्येक नकाशाला ढोबळ, मध्यम आणि बारीक अशी तपशिलाची पातळी देता येते. ढोबळ पातळीला भिंत दोन रेषांची, मध्यम आणि बारीक पातळीला तिचे आतले थर दिसतात. पाइप ढोबळ पातळीत एका रेषेचा, बारीक पातळीत खऱ्या जाडीचा. आर्चीकॅडमध्ये तर दार स्वतःच नकाशाचं प्रमाण विचारतं आणि त्याप्रमाणं आपलं चिन्ह साधं किंवा सविस्तर करतं. शिवाय एक मोठा तक्ता असतो. खांब दाखवा, फर्निचर नको, जुनं बांधकाम फिकं करा, पाडायचं ते तुटक रेषेनं. तसा तक्ता एकदा लावून नमुना म्हणून जतन करायचा आणि सगळ्या मजल्यांना तोच लावायचा. माझ्यासारख्यांसाठी ही फार मोठी सोय. १९९६ची माझी चूक या शिस्तीत होणं अवघड. मालकाची खिडकी वेगळी, साइटची खिडकी वेगळी. एकीत झाकलं म्हणून दुसरीत झाकलं जात नाही.

पण नव्या चुकांची सोयही झाली. प्लॅन म्हणजे इमारतीला आडवा काप देऊन वरून बघणं. तो काप किती उंचीवर द्यायचा हे सांगावं लागतं, साधारणपणे जमिनीपासून १.२ मीटरवर तो असतो. आपल्या बाथरूमचा व्हेंटिलेटर त्याच्या वर असतो. जुना ड्राफ्ट्समन तो व्हेंटिलेटर तुटक रेषेनं दाखवायचाच, कारण तो आहे हे त्याला ठाऊक होतं. प्रोग्रॅम प्रामाणिकपणे कापाच्या खालचं दाखवतो आणि भिंत सलग दिसते. मग तेवढ्या तुकड्यापुरता कापच वर न्यावा लागतो. आणि हे करायचं लक्षात आलं नाही, तर कागदावर पुन्हा तेच. नाही, की लपलेलं आहे, हे कळायला मार्ग नाही. पडद्यावर निदान दिव्याचं एक छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की लपवलेल्या वस्तू गुलाबी रंगात प्रकट होतात. छापलेल्या कागदाला असा दिवा नाही.

चौथ्या मजल्यावरचा जोड

हा केवळ सोयी-गैरसोयीचा विषय आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून एक घटना सांगतो. ही संगणकी मॉडेलांच्या आधीची आहे. १७ जुलै १९८१, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात छतापासून लोखंडी गजांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल. त्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम होता. दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली.

चौकशीत जे निघालं ते आपल्या विषयाचंच आहे. मूळ कल्पनेत एकच लांब गज छतापासून दोन्ही पुलांतून खाली जात होता. बांधण्याच्या सोयीसाठी त्याऐवजी दोन गज झाले. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, दुसरा त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला बदल किरकोळ. पण आता खालचा पूल छताला नाही, वरच्या पुलाला लोंबकळत होता, आणि वरच्या पुलाच्या जोडावर जवळजवळ दुप्पट भार आला. हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अभियंत्यांच्या नकाशातला तो जोड प्राथमिक स्वरूपाचा होता. तपशील पुढं कारखानदार ठरवेल असं अभियंते धरून चालले. कारखान्याकडं गेलेल्या नकाशात जोड काढलेला होता, तेव्हा तो विचार करूनच काढला असणार असं तिकडं धरलं गेलं. त्या जोडाचं गणित कुणीच केलं नाही. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढं रद्द झाले.

इथं काही लपवलेलं नव्हतं. जोड कागदावर दिसत होता. पण किती भरवसा ठेवावा हे त्या रेषांवर लिहिलेलं नव्हतं. कच्ची रेष आणि पक्की रेष सारखीच काळी होती.

शंभर ते पाचशे

संगणकी इमारतीत हा धोका वाढला. पेन्सिलचं कच्चं स्केच बघूनच कळायचं की, हे अजून ठरायचं आहे. संगणकात पहिल्या दिवशी टाकलेली भिंतसुद्धा मिलिमीटरपर्यंत नेमकी दिसते. एखाद्या कंपनीनं आयतं दिलेलं खुर्चीचं मॉडेल स्क्रूसकट असतं, पण ती खुर्ची घ्यायची की नाही हेसुद्धा ठरलेलं नसतं.

म्हणून २००८ मध्ये अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेनं आपल्या करारपत्रात एक मोजपट्टी आणली. शंभर, दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे. शंभर म्हणजे नुसती कल्पना, एक खूण. दोनशे म्हणजे अंदाजे आकार आणि जागा. तीनशे म्हणजे नेमका आकार, नेमकी जागा. चारशे म्हणजे यावरून कारखान्यात वस्तू घडवता येईल. पाचशे म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळलेलं. २०१३ मध्ये त्यात साडेतीनशेची पायरी घातली गेली. ती कशासाठी, तर एका वस्तूचा दुसरीशी होणारा जोड दाखवण्यासाठी. कॅन्सस सिटीची आठवण असणाऱ्याला ही पायरी का लागली हे सांगायला नको.

या मोजपट्टीचं वैशिष्ट्य असं की, चित्र किती बारीक दिसतं हे ती मोजत नाही. त्या वस्तूवर विसंबून पुढचं काम करायला किती हरकत नाही, हे ती सांगते. पुढं २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० या मानकानं आणखी साधी गोष्ट सांगितली. आधी विचारा, ही माहिती कुणाला, कशासाठी हवी आहे, आणि तेवढीच द्या. जास्त तपशील हाही दोषच आहे. हे वाचलं तेव्हा मला सेंट गॅलनचा तो चामड्याचा पट आठवला. पलंग दाखवणारा आणि भिंतीची जाडी सोडून देणारा. त्या अनाम नकाशाकारानं हेच केलं होतं.

आपल्याकडंही आता हे काम नवलाईचं राहिलेलं नाही. नागपूर मेट्रोसारख्या मोठ्या कामांत अशी मॉडेलं वापरली गेली, वेळापत्रक आणि खर्चही त्यांना जोडले गेले. आमच्या महाविद्यालयांतली मुलं पहिल्या वर्षापासून भिंती 'बांधतात', रेषा मारत नाहीत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ब्लेडनं कागद खरवडण्यात काही थोरवी नव्हती. त्यांना मी एवढंच सांगतो की, प्रिंट साइटवर पाठवण्याआधी ती पाच मिनिटं मुकादमाच्या डोळ्यांनी बघा. त्याच्याजवळ तुमचं मॉडेल नसतं, तक्ता नसतो, दिव्याचं चिन्ह नसतं. त्याच्याजवळ एक घडी पडलेला, सिमेंटचे डाग पडलेला कागद असतो. जे त्यावर आहे ते तो बांधणार, जे नाही ते सोडणार.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घराचा नकाशा उद्या जेवणाच्या टेबलावर पसरला जाणार असेल, तर टाकी कुठं आहे एवढंच विचारून थांबू नका. या कागदात काय काय दाखवलेलं नाही आणि ते कुठल्या कागदात आहे, हे विचारा. जे दाखवलं आहे त्यातलं पक्कं किती आणि कच्चं किती, हेही विचारा. चांगला आर्किटेक्ट या प्रश्नांनी रागावत नाही. मला १९९६ मध्ये हे कुणी विचारलं असतं, तर त्या मुकादमावर ओरडण्याची वेळ माझ्यावर आली नसती.